आधी वाटा, मग बाजार

बोरिवलीच्या जेटीवरून फेरीबोटीत बसलं की काही मिनिटांत गोराई गावात पोहोचता येतं. खाडी अरुंद असली तरी तिच्या दोन काठांवरचं जगणं एकसारखं नाही, आणि गोराईच्या काठावरही सगळ्यांचं जगणं सारखं नाही. इथे शनिवार-रविवारी गजबजणारा समुद्रकिनारा आहे, रिसॉर्ट आहेत, लग्नांचे हॉल आहेत. १९८९ मध्ये सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद होईपर्यंत आख्ख्या मुंबईला करमणुकीसाठी या बेटावर आणत होतं. त्याच बेटावर जामझाड पाड्यासारख्या आदिवासी वस्त्यांना नळाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. याच गावात बोंबील सुकवणाऱ्या बाया आहेत. पावसाळी मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत घर चालवण्यासाठी त्यांना दागिना गहाण ठेवावा लागतो.

या गावाची ओळख ख्रिस्ती आहे. इथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे या भागातल्या मूळ कॅथलिक समाजाच्या, आणि ख्रिस्ती कोळी कुटुंबांचं वर्ष मिस्सा, नोव्हेना, उपवासकाळ आणि नाताळ यांच्या तालावर चालतं. त्यामुळे एक प्रश्न या गावाला, आणि गावाच्या निमित्ताने उत्तन, मनोरी, वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या प्रत्येक ख्रिस्ती घराला विचारायला हवा: आपण ज्या पद्धतीने खरेदी करतो, तीत गरिबाला जागा आहे का?

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात दया असते. अडचण अशी की ती महिनाअखेरीस, सगळं घेऊन झाल्यावर जागी होते, आणि तोवर हातात काही उरलेलं नसतं. म्हणून या लेखाचं सांगणं एवढंच आहे की करुणेचा निर्णय दानपेटीपाशी होत नाही, तो दुकानात पाऊल टाकण्याआधी घरात व्हावा लागतो. गरिबाचा वाटा आधी काढावा, बाजार मग करावा. हे प्रत्यक्षात कसं जमवायचं, ते पुढे पायरीपायरीने मांडलं आहे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही यातलं बरंच आपल्या घरात करता येईल.

बाजार घरात कसा शिरला

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गोराईहून खरेदीला जायचं म्हणजे बोट, मग रिक्षा, मग बोरिवलीचा बाजार, आणि पिशव्या सांभाळत भरतीची वेळ बघून परत. त्या त्रासामुळेच माणूस दोनदा विचार करायचा. आज वस्तू मोबाईलवर दिसते, बोटाच्या एका स्पर्शाने मागवली जाते आणि दारात येते. पैसे आज द्यायचे नाहीत, हप्त्याने द्यायचे. विचार करायला लागणारा वेळच बाजाराने काढून घेतला आहे.

दुसरा बदल जमिनीचा. बेटावरच्या अनेक कुटुंबांनी शेती आणि मिठागरं सोडली, काहींनी जमीन विकली. एकदम आलेला पैसा घरात, गाडीत आणि समारंभात गेला. शेजाऱ्याने केलं तेवढं आपण केलं नाही तर मान राहत नाही, ही भावना गावात खोल रुजली. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याच्यावरही तेच ओझं आलं आणि तो ते कर्ज काढून वाहतो. उपभोगवादाची मोठी झळ श्रीमंताला बसत नाही. श्रीमंतासारखं दिसण्याची सक्ती झालेल्या गरिबाला ती बसते.

तिसरी गोष्ट आपण विकत घेऊन फेकतो त्याची. खाडीच्या बोरिवलीकडच्या काठावर १९७२ पासून २००७ पर्यंत गोराईचं डम्पिंग ग्राउंड होतं. सुमारे १९.६ हेक्टर जागेवर २३ लाख टनांहून अधिक कचरा साठला, मग तो शास्त्रीय पद्धतीने झाकून बंद करावा लागला. त्या ढिगाच्या आसपास कोण राहत होतं आणि दुर्गंधी कोणाच्या घरात शिरत होती, हे बोरिवलीकरांना ठाऊक आहे. उपनगरांनी हौसेने घेतलेल्या वस्तूंचा शेवटचा भार ज्यांनी सोसला, त्यांतल्या अनेकांनी त्या वस्तू कधी वापरल्याच नव्हत्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात निसर्गाचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितलं. त्याचा अर्थ गोराईच्या खाडीकाठी कोणालाही समजेल.

श्रद्धा काय सांगते

गोराईचं चर्च तीन राजांच्या, म्हणजे होली मॅजायच्या नावाने आहे. नाताळाला भेटी देण्याच्या प्रथेचं मूळ आपण त्यांच्याशी जोडतो. पण त्यांची भेट कोणाकडे गेली ते पाहावं. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार ज्या कुटुंबाला सोनं, ऊद आणि गंधरस मिळाला, ते कुटुंब लगेच जीव वाचवण्यासाठी इजिप्तला पळून गेलं. लूक सांगतो की बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा त्याच्या आईवडिलांनी पक्ष्यांच्या जोडीचं अर्पण केलं. जुन्या नियमशास्त्रात ही सवलत कोकरू परवडत नसलेल्यांसाठी होती. म्हणजे राजांची भेट एका गरीब, आणि लवकरच परागंदा होणार असलेल्या घरात पोहोचली. आपली नाताळची भेट मात्र बहुतेक वेळा आधीच भरलेल्या घरातून दुसऱ्या भरलेल्या घरात जाते.

लाजर आणि श्रीमंत माणसाच्या दाखल्यात श्रीमंताने लाजरला मारलं नाही, हाकललं नाही. तो फक्त जेवत राहिला आणि दारातला माणूस त्याला दिसला नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात मदत करणारा परक्या, तुच्छ मानलेल्या समाजाचा आहे. त्याने जखमीला धर्म विचारला नाही, मलमपट्टी केली, स्वतःच्या जनावरावर बसवलं आणि उतारशाळेचं बिल भरलं. चौथ्या शतकातले कैसरियाचे बिशप संत बेसिल तर असं मांडत की आपल्या कपाटात न वापरता पडलेलं वस्त्र मुळात उघड्या माणसाचंच आहे. त्यांनी नुसतं प्रवचन केलं नाही. आपल्या शहराबाहेर गरीब, आजारी आणि प्रवासी यांच्यासाठी मोठी सेवावसाहत उभी केली.

हीच परंपरा पुढे आली. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरूम नोवारूम’मध्ये कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न चर्चच्या केंद्रात आणला. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी गरिबांना बाहेर ढकलणाऱ्या अर्थव्यवस्थेला स्पष्ट नकार दिला. करुणा आणि न्याय यांची फारकत ख्रिस्ती शिकवणुकीत नाही. अन्न द्यायचं आणि मजुरी बुडवायची, असं दोन्ही एका हाताने चालत नाही.

पहिली पायरी: एक महिना हिशेब लिहा

पुढचा कोणताही उपाय करण्याआधी घरात एक वही ठेवा. एक महिना प्रत्येक खर्च लिहा, मुलांचे मोबाईल रिचार्ज आणि बाहेरून मागवलेलं जेवणसुद्धा. महिना संपला की प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करा: गरज, आनंद किंवा देखावा.

आनंदाला घाबरू नका. मुलाच्या वाढदिवसाचा केक, म्हाताऱ्या आईसाठी आणलेली साडी, रविवारचं सोरपोटेल हे पाप नाही. काना गावातल्या लग्नात येशू स्वतः हजर होता. छाटायचा आहे तो देखावा: जी वस्तू आपण कोणी पाहणारं नसतं तर घेतलीच नसती, ती. हिशेब करताना नवरा-बायको आणि कमावती मुलं एकत्र बसा. एकट्या बाईने काटकसर करायची आणि बाकीच्यांनी खर्च करायचा, असं झालं तर वही दुसऱ्या महिन्यात बंद पडेल.

दुसरी पायरी: वाटा आधी काढा

ईस्ट इंडियन गावांमध्ये ऑक्टोबरच्या सुरुवातीला आगेरा साजरा होतो. भाताची पहिली कणसं कापून, वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित केली जातात. पीक घरात भरून उरलेलं देवाला द्यायचं नसतं, पहिलं द्यायचं असतं. आज भाताची खाचरं कमी झाली, पण पगार, भाडं, पेन्शन आणि माशांची विक्री हेच आपलं पीक आहे. त्यालाही हाच नियम लावा.

मिळकत हातात आली की त्याच दिवशी ठरलेला वाटा वेगळा करा. जुन्या करारातला दशांश हा एक जुना मापदंड आहे, पण ज्याचं घर कसंबसं चालतं त्याने दहा टक्क्यांच्या ओझ्याने घाबरून काहीच न करणं बरं नाही. दोन टक्क्यांपासून सुरुवात करा. महिना २५,००० रुपये मिळवणाऱ्यासाठी ते ५०० रुपये होतात, वर्षाचे ६,०००. एका मुलाची वह्या-पुस्तकं आणि गणवेश यातून निघू शकतो. हप्ता फिटला किंवा पगार वाढला की टक्का वाढवा. ज्याची मिळकत मोठी आहे त्याने दोन टक्क्यांवर समाधान मानू नये.

हे पैसे वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की हे आपले नाहीत. अडचण आली म्हणून त्यातून उसने घेतले, तर परत टाका.

तिसरी पायरी: हप्त्यांच्या गाठी सोडवा

कर्जात बुडालेला माणूस इच्छा असूनही देऊ शकत नाही. म्हणून कर्जाचा हिशेब हा करुणेच्या हिशेबाचाच भाग आहे.

‘झिरो कॉस्ट ईएमआय’ ही पाटी पाहून भुलू नका. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. ते प्रक्रिया शुल्कात लपवलेलं असतं किंवा रोखीची सूट काढून घेऊन वसूल होतं. दुकानदाराला सरळ विचारा, ‘आज रोख दिले तर किती?’ ती किंमत आणि हप्त्यांची एकूण बेरीज यांतला फरक म्हणजे तुमचं व्याज.

क्रेडिट कार्डवर ‘किमान देय’ भरून सुटलो असं समजू नका. २०,००० रुपये बाकी असेल आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज असेल, तर पहिल्याच महिन्यात ७०० रुपये व्याज लागतं. तुम्ही किमान म्हणून १,००० रुपये भरले, तर मुद्दल फक्त ३०० रुपयांनी कमी होते. वर्षाचा दर सरळ हिशेबाने ४२ टक्के पडतो.

मासेमारीबंदीत म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात अनेक घरांना खासगी उसनवारी करावी लागते. महिना पाच टक्क्यांनी घेतलेल्या ३०,००० रुपयांचं व्याज वर्षाला १८,००० रुपये होतं. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार सावकारीला परवाना लागतो. बिनपरवाना सावकारी गुन्हा आहे. ज्याच्याकडून घेता त्याचा परवाना पाहा, प्रत्येक पैशाची पावती घ्या आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

ऑनलाइन खरेदीत न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, ‘शेवटचे दोनच उरले’ अशी खोटी घाई, सदस्यत्व बंद करायला लावलेले अडथळे, अशा तेरा फसव्या पद्धतींना केंद्र सरकारने २०२३ मध्ये मनाई केली आहे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. आणि घरात एक साधा नियम ठेवा: ठरावीक रकमेच्या वरची कोणतीही वस्तू मनात आल्यापासून आठवडाभर घ्यायची नाही. आठवड्याने ती हवीशी वाटत नसेल, तर ती गरज नव्हती.

चौथी पायरी: लग्न, बाप्तिस्मा आणि नाताळ

ईस्ट इंडियन लग्नाची परंपरा श्रीमंत आहे, पण महाग नव्हती. उंबराचं पाणी आणणं, मांडव, बायांनी एकत्र बसून तळलेले फुगे, बँडचा ताफा, या सगळ्यात गावाचे हात लागायचे. आता हात कमी झाले आणि त्यांची जागा कंत्राटांनी घेतली. केटरर, डेकोरेटर, लग्नाआधीचं फोटोशूट, रिसॉर्ट. खर्च वाढला आणि शेजाऱ्याचा सहभाग घटला. प्रथम कम्युनियनच्या दिवशीही मुलाच्या परमप्रसादापेक्षा हॉलची आणि कपड्यांची चर्चा जास्त होते.

एकट्या कुटुंबाने साधं लग्न केलं तर लोक म्हणतात, पैसे नसतील. म्हणून हा निर्णय गावाने मिळून घ्यावा. पॅरिश कौन्सिल म्हणजे चर्चची स्थानिक समिती, वाड्यांचे ख्रिस्ती समूह आणि गावठाणातले जाणते लोक एकत्र बसून ठरवू शकतात: पाहुण्यांची वाजवी मर्यादा, जेवणाचे ठरावीक पदार्थ, बाप्तिस्मा आणि कम्युनियनला घरगुती जेवण, आणि समारंभाच्या एकूण खर्चाचा एक ठरावीक हिस्सा गावातल्या गरजू लग्नासाठी किंवा शिक्षणासाठी. सगळ्यांनी एकदम केलं की कोणाचाही मान कमी होत नाही. ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांनी पहिलं पाऊल उचलावं. श्रीमंताचं साधं लग्न गरिबाला मोकळं करतं.

नाताळासाठी वेळेचा उपयोग करा. पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला जागतिक गरीब दिन २०१७ पासून दर नोव्हेंबरमध्ये पाळला जातो, नाताळाच्या पाच-सहा आठवडे आधी. त्याच रविवारी नाताळाचं बजेट करा. मुलांना विचारा, ‘तुला काय हवं?’ आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा, ‘तू कोणाला काय देणार?’ एका मुलाला एक भेट पुरे. गोठा सजवायला दरवर्षी नवं प्लास्टिक आणण्याची गरज नाही. सुकं गवत, माती आणि शंख-शिंपले या बेटावर फुकट मिळतात.

पाचवी पायरी: जिथे देणं लागतो तिथे दान म्हणू नका

मदत करायच्या आधी एक यादी करा: माझ्यासाठी कोण काम करतं? घरकाम करणारी बाई, बोटीवरचे खलाशी, वाडीतला माळी, बांधकामावरचा मजूर, पार्सल आणणारा मुलगा. त्यांची मजुरी ठरलेल्या दिवशी मिळते का? आजारपणात पगार कापला जातो का? आठवड्याची सुट्टी आहे का?

मॉलमध्ये छापील किंमत निमूट देणारा माणूस कोळणीच्या पाटीसमोर वीस रुपयांसाठी हुज्जत घालतो. त्या पाटीमागे पहाटेची बोट, बर्फ, प्रवास आणि बाजारातली जागा यांचा खर्च आहे. तिथे भाव कमी करून मिळवलेले वीस रुपये नंतर दानपेटीत टाकले, तरी त्याला करुणा म्हणता येणार नाही. घरकाम करणाऱ्या बाईची ई-श्रम पोर्टलवर नोंदणी झाली नसेल तर तुमच्या फोनवरून करून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे आणि तो तिचा हक्क आहे.

सहावी पायरी: गरिबाच्या घरी कसं जावं

१८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या तरुणाने मित्रांसह संत विन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली. तिची पद्धत आजही अनेक पॅरिशमध्ये चालते आणि ती शिकण्यासारखी आहे: गरजू कुटुंबाच्या घरी दोघांनी मिळून जायचं, आधी ऐकायचं, आणि जे कळलं ते बाहेर बोलायचं नाही. त्यातून काही नियम निघतात.

एकदा जाऊन थांबू नका. पाड्यावर फक्त नाताळाला मिठाई आणि जुने कपडे घेऊन जाणं हे आपल्या समाधानासाठी जास्त असतं. वर्षभर एका-दोन कुटुंबांशी नातं ठेवा.

काय हवं ते त्यांना विचारा. आपल्याला ब्लँकेट द्यावंसं वाटतं आणि त्यांना शाळेच्या बसचं भाडं हवं असतं.

फोटो काढू नका. हात पसरलेल्या बाईचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तर मदतीची किंमत तिने आपल्या अब्रूने मोजलेली असते. संस्थेला नोंद हवी असेल तर पावती ठेवा.

मदतीला धर्माची अट लावू नका. ना उघड, ना आडून. मिस्सेला यावं, प्रार्थनेला बसावं, अशी अपेक्षा मदतीच्या पिशवीत ठेवली की ती मदत राहत नाही, आणि शेजाऱ्यांचा विश्वासही जातो. शोमरोन्याने बिल भरलं आणि तो आपल्या वाटेने गेला.

कागदपत्रांत मदत करा. बऱ्याचदा गरिबाला पैशापेक्षा माहितीची गरज असते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक व्यक्तीला महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तरी नाव चढलेलं नसणं, आधार जोडलेलं नसणं, अशा कारणांनी लोक वंचित राहतात. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केली. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड अशी कागदपत्रं लागतात, आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाशी बोलावं लागतं. आजारी माणसाच्या घरच्यांना त्या धावपळीत हे सुचत नाही. पॅरिशमध्ये हे काम जाणणारी दोन-तीन माणसं तयार ठेवली, तर एखाद्या घराचं लाखाचं कर्ज टळू शकतं.

सातवी पायरी: वस्तू देताना

घर आवरताना निघालेलं सगळं ‘गरिबांसाठी’ म्हणून पिशवीत भरू नका. फाटका कपडा, बंद पडलेलं खेळणं, एकच चप्पल ही मदत नाही. तो आपला कचरा दुसऱ्याच्या दारात ठेवणं आहे. कपडा धुऊन, बटणं लावून, इस्त्री करून द्या. आपल्या भावाला देताना लाज वाटेल अशी वस्तू कोणालाच देऊ नका. शक्य असेल तेव्हा नवं द्या. शाळकरी मुलीला नवा गणवेश मिळाल्याचा अर्थ फार वेगळा असतो.

त्याहून चांगलं म्हणजे वस्तू एकत्र वापरणं. मांडवाची भांडी, शिलाई मशीन, शिडी, व्हीलचेअर, रुग्णाची खाट. अशा वस्तूंचा पॅरिशच्या नावाने साठा केला आणि नोंदवहीत नाव लिहून नेता येईल अशी सोय केली, तर दहा घरांना दहा वेळा विकत घ्याव्या लागत नाहीत.

आठवी पायरी: एकत्र बचत

वसईत १९१८ मध्ये, पापडी इथे, बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँकेची स्थापना झाली. सामान्य शेतकरी, बागायतदार आणि नोकरदार कुटुंबांच्या छोट्या ठेवींवर ती शंभर वर्षांहून अधिक काळ उभी आहे. त्याच्याही आधी जर्मनीत रायफायझेन यांनी कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी, ख्रिस्ती सेवाभावातूनच, पतसंस्था उभ्या केल्या होत्या. आळीतला माणूस कर्जबाजारी होत असताना प्रार्थनेबरोबर पतपुरवठ्याची व्यवस्थाही उभी करणं हे श्रद्धेचं काम आहे, हे या माणसांना कळलं होतं.

आज प्रत्येक गावाला नवी बँक काढता येणार नाही. पण दहा-पंधरा बायांचा बचतगट काढता येतो. बंदीच्या दोन महिन्यांसाठी ऑगस्टपासून मेपर्यंत दर महिन्याला थोडे पैसे साठवणारा गट पुढच्या जूनमध्ये दागिना गहाण पडण्यापासून वाचवू शकतो. भिशी लावायची असेल तर ती विश्वासू, लिखित हिशेब असलेली आणि छोटी असावी. भिशी फोन घेण्यासाठी लावायची की शाळेच्या फीसाठी, हे गटाने आधी ठरवावं.

मनातल्या तीन शंका

‘आम्हीच मध्यमवर्गीय, आम्ही काय देणार?’ येशूने मंदिरात ज्या विधवेच्या दोन नाण्यांचं कौतुक केलं, ती मध्यमवर्गीयही नव्हती. पण त्या गोष्टीने गरिबावर देण्याची सक्ती करू नये. ज्याच्या घरात आजच अन्न नाही, त्याने घ्यावं आणि त्यात लाज मानू नये. आज घेणारा उद्या देईल.

‘आपण खरेदी केली नाही तर कामगारांचं काय?’ खरेदी बंद करायला कोणी सांगत नाही. ती कुठे वळवायची एवढाच प्रश्न आहे. पाचव्या घड्याळाऐवजी गावातल्या शिंप्याकडून कपडा शिवला, सुकी मासळी थेट बाईकडून घेतली, सुताराकडून जुनं कपाट दुरुस्त करून घेतलं, तर पैसा गावातल्याच हातात जातो.

‘हे सरकारचं काम नाही का?’ आहे. पाणी, रस्ता, रेशन, रुग्णालय हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि आपण कितीही दान केलं तरी ती जबाबदारी सरकारवरून उतरत नाही. म्हणून पाड्यावर टँकर पाठवणाऱ्याने पाण्याच्या जोडणीच्या अर्जावर सहीही करावी आणि वॉर्ड ऑफिसपर्यंत सोबत जावं. दोन्ही केलं तरच काम पुरं होतं.

या रविवारपासून

एवढं सगळं एकदम करायला जाल तर काहीच होणार नाही. या आठवड्यात तीनच गोष्टी करा. एक, घरात हिशेबाची वही सुरू करा. दोन, पुढचा पगार किंवा पुढची विक्री हाती आली की पहिल्यांदा गरिबाचा वाटा वेगळा ठेवा, मग तो दोन टक्केच का असेना. तीन, तुमच्यासाठी काम करणाऱ्या एका माणसाला विचारा की त्याचं काही थकलं आहे का, आणि थकलं असेल तर आजच द्या.

महिन्याभराने पॅरिशमधल्या चार घरांनी एकत्र बसून वह्या मिटलेल्या ठेवूनच बोलावं: काय जमलं, कुठे अडलं, कोणत्या घराला सोबत हवी. उपवासकाळ आला की वाटा थोडा वाढवावा आणि आगेऱ्याच्या आधी लग्नखर्चाचा ठराव गावापुढे मांडावा. हे वर्षभर टिकवलेल्या घरात वस्तू कदाचित कमी असतील. पण त्या घरावर हप्ते कमी असतील, मुलांना देण्याची सवय लागलेली असेल, आणि अडचणीत कोणाचं दार ठोठवायचं हे गावातल्या एखाद्या कुटुंबाला ठाऊक झालेलं असेल.